पंगतीचा हिशोब डब्याला लावू नका : टाळेबंदीत छोट्या केटरिंग व्यवसायात झालेल्या चुका

मुंबईतल्या छोट्या केटरिंग व्यवसायाची वर्षाची कमाई मुख्यतः एप्रिल-मेच्या लग्नसराईवर ठरते, आणि २०२० व २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे नेमके तेच महिने टाळेबंदीत गेले. २५ मार्च २०२० पासून सगळेच बंद झाले. पुढे लग्नाला ५० माणसांची मुभा मिळाली. आणि एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने ती २५ माणसे व दोन तास एवढ्यावर आणून नियमभंगाला ५०,००० रुपयांचा दंड ठेवला. पोट चालवण्यासाठी गिरगाव, दादर, पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंतच्या अनेक आचाऱ्यांनी पार्सल आणि डबे सुरू केले. ज्यांचे गणित फसले, त्यांच्या हाताला चव नव्हती असे क्वचितच आढळेल. त्यांनी ३०० पानांच्या पंगतीचा हिशोब तसाच २५ डब्यांना लावला होता. आजही जे घरातून डबे किंवा छोट्या कार्याची जेवणे देतात, त्यांच्याकडून याच चुका होताना दिसतात.

दर ठरवताना होणारी गफलत

पंगतीत ताटाचा दर साहित्यावरून काढला तरी निभावते, कारण आचारी, मदतनीस, टेम्पो आणि गॅसचा खर्च शेकडो पानांत वाटला जातो. २५ माणसांच्या घरगुती लग्नालाही आचारी एकच लागतो, टेम्पोची खेपही एकच होते. मात्र तो खर्च उचलायला पाने २५च असतात. म्हणून छोट्या कार्यासाठी ताटाचा दर सांगण्याआधी कामाची किमान रक्कम सांगावी आणि तिच्यावर माणशी साहित्याचा खर्च धरावा. यजमानाला आकडा ऐकून आश्चर्य वाटते, पण जिलेबी वगळून किंवा भाज्या दोनाच्या एक करून रक्कम खाली आणता येते. दर मोघम ठेवून नंतर ‘वरखर्च’ मागितला, तर ते गिऱ्हाईक परत येत नाही.

डब्यांच्या बाबतीत गफलत ॲपवरून विक्री करताना होते. समजा, १५० रुपयांच्या डब्याला साहित्य ६५ रुपये, डबा-पिशवी १५ रुपये आणि गॅस ८ रुपये लागतो. ॲपचे कमिशन २५ टक्के असेल, तर ते आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून सुमारे ४४ रुपये जातात. उरलेल्या १८ रुपयांत मजुरी, वीज, भाडे आणि वाया गेलेले अन्न बसवायचे असते. ॲपवर जाहीर केलेली सवलत आपल्याच खिशातून जात असेल, तर तेही उरत नाहीत. ॲप नवीन गिऱ्हाईक मिळवण्यापुरते ठेवून रोजच्या गिऱ्हाइकांची नोंदणी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर घेणे आणि एकाच सोसायटीचे डबे एका खेपेत पोहोचवणे हा मार्ग टाळेबंदीत अनेकांना तारून गेला. इमारती सील असताना डबे फाटकावरच ठेवावे लागत. त्यामुळे ही एकत्र खेप आपोआपच अंगवळणी पडली.

पदार्थ तोच, पण वाट लांबची

पंगतीत पुरी कढईतून थेट पानात पडते. तीच पुरी डब्यात झाकली, की स्वतःच्या वाफेने चिवट होते आणि तक्रार आचाऱ्याच्या नावाने येते. पुऱ्या, भजी, वडे डब्यात द्यायचेच असतील, तर वाफ जिरू द्यावी, खाली कागद घालावा आणि झाकणाला छिद्र ठेवावे. त्यापेक्षा दशम्या, थालीपीठ किंवा घडीच्या पोळ्या देणे शहाणपणाचे. आंबट पदार्थांची अॅल्युमिनियमशी रासायनिक क्रिया होते, म्हणून चिंचगुळाची आमटी, सार, सोलकढी अशा गोष्टी फॉइलच्या डब्यात भरू नयेत. उकडीच्या मोदकांना गणपतीत मोठी मागणी असते. पण मोदक गरम असताना एकावर एक रचले, तर पारी फाटते.

यापेक्षा गंभीर चूक भाताची आहे. शिजवलेल्या भातातही बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू टिकून राहतात आणि भात कोमट राहिला, की ते वाढून विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होईलच असे नाही. पंगतीचा मसालेभात तासाभरात संपतो, म्हणून ही अडचण जाणवत नाही. डबा मात्र सकाळी १० वाजता भरून दुपारी दीडला उघडला जातो. अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली ठेवावे, मधल्या पट्ट्यात रेंगाळू देऊ नये. मोठ्या टोपात भात तसाच निवत ठेवण्याऐवजी परातीत पातळ पसरावा. प्रत्येक डब्यावर बनवल्याची वेळ लिहिण्याची सवय अनेकांना जाचक वाटते. मला ती सर्वांत स्वस्त विमा वाटते.

आणखी एक बारीक गोष्ट अशी, की ३०० माणसांच्या मापातून २५ माणसांचे माप भागाकाराने निघत नाही. रुंद टोपात थोडे अन्न शिजवले, तर पाणी लवकर आटते, तळ लागतो आणि मीठ-तिखट चढते. त्यासाठी भांडे बदलावे आणि पाणी व मीठ नव्याने ठरवावे.

माणसे आणि माल

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या. १५ जूनपासून त्या धावल्या, त्याही अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठीच. विरार-बदलापूरहून येणाऱ्या मदतनिसांवर ज्यांचे स्वयंपाकघर अवलंबून होते, त्यांचे काम रखडले. चालत येऊ शकेल असा एक तरी माणूस हाताशी हवा आणि मसाल्याचे माप आचाऱ्याच्या डोक्यात न राहता वहीत हवे. त्याच वर्षी मे महिन्यात वाशीची बाजार समितीही काही दिवस बंद होती. एकाच घाऊक व्यापाऱ्यावर विसंबणाऱ्यांची तेव्हा पंचाईत झाली.

विसार, हप्ते आणि कागद

लग्ने रद्द झाल्यावर सर्वाधिक वाद विसारावरून झाले, कारण तो फोनवर ठरलेला आणि रोख घेतलेला होता. तारीख पुढे गेल्यास काय, माणसे घटल्यास काय, सरकारी आदेशाने कार्य रद्द झाल्यास किती रक्कम परत आणि किती दिवसांत, हे चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. विसार लगेच किराण्यात घालणे ही त्याची जोडचूक आहे. परत करण्याची वेळ आली, तेव्हा अनेकांकडे तो शिल्लकच नव्हता.

रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांसाठी कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती. अनेकांनी तिला माफी समजले. व्याज मात्र चालूच होते. हप्ता भरण्याची ऐपत असलेल्याने अशी सवलत घेऊ नये. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यासाठी दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. तेव्हाच्या नियमांनुसार १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला वर्षाला १०० रुपयांत अन्न नोंदणी मिळत असे, पण लग्नकार्याचा केटरर तिच्यात बसत नसे. त्याला परवानाच लागे. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरवर धंद्याचा स्वयंपाक करणेही नियमबाह्य आहे, त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा आणि त्याचा वाढीव दर ताटाच्या किमतीत धरूनच गिऱ्हाइकाला आकडा सांगावा.