पॅनडॉकमधून मराठी पीडीएफ काढताय? आधी इंजिन बदला

आमच्या गल्लीतल्या मंडळाचा अहवाल दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो, आणि सोलापूर म्हटल्यावर तो काय नुसता मराठीत नसतो, पूर्व भागातल्या लोकांची नावं तेलुगूत पाहिजेत, एखादं पान कन्नड पाहिजे. वर्डमध्ये ऐनवेळी पानं हलायची म्हणून मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मथळे-याद्या दाखवायची टेक्स्ट फाइल) लिहून पॅनडॉकनं, म्हणजे एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणाऱ्या प्रोग्रॅमनं, पीडीएफ काढायला गेलो तर पहिल्याच फटक्याला एरर, म्हणे 'क' हे अक्षर लाटेकमध्ये (मजकुराची पानं जुळवणाऱ्या यंत्रणेत) सेट केलेलं नाही.

कारण साधं आहे. पॅनडॉक पीडीएफ स्वतः बनवत नाही, ते काम दुसऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे इंजिनाला देतं, आणि काही सांगितलं नाही तर ते इंजिन म्हणजे पीडीएफलाटेक, ज्याला देवनागरी जमत नाही. मग कमांडमध्ये दोन डॅश, त्याला जोडून पीडीएफ-इंजिन, बरोबरचं चिन्ह आणि झीलाटेक (लाटेकचंच देवनागरी जमणारं इंजिन) असं टाकायचं. इंजिन आधी मशीनवर पाहिजे बरं का, टेक लाइव्ह हा लाटेकचा संच टाकला की येतं. पाथमध्ये, म्हणजे मशीन प्रोग्रॅम शोधतं त्या जागांत, नसेल तर नावाच्या जागी पूर्ण पत्ता दिला तरी चालतं.

इथं दोन ठिकाणी लोक अडकतात. एक म्हणजे फाइलच्या वरच्या मेटाडेटात (शीर्षक, लेखक वगैरे लिहायच्या भागात) पीडीएफ-इंजिन लिहून ठेवतात आणि काहीच होत नाही, मीही अर्धा दिवस घालवला त्यात. तो मेटाडेटा नाही, ऑप्शन आहे, त्यामुळं कमांडमध्ये नाहीतर डिफॉल्ट्स फाइलमध्येच (पॅनडॉकचे नेहमीचे ऑप्शन लिहून ठेवायची फाइल) द्यायचा. मेनफॉन्ट, म्हणजे मुख्य फॉन्टचं नाव, मात्र मेटाडेटात चालतो, मी नोटो सेरिफ देवनागरी लावतो. दुसरं, फॉन्टच्या ऑप्शनमध्ये स्क्रिप्ट (म्हणजे लिपी), बरोबरचं चिन्ह आणि देवनागरी असं सांगायला विसरतात, मग 'सिद्धेश्वर' छापून बघा, वेलांटी स च्या उजवीकडं जाऊन बसते आणि द्ध सुटा होतो. गड्ड्याच्या यात्रेच्या पानावर असलं काही दिसलं तर लोक सोडतील का! माझी टेस्टची ओळ ठरलेली आहे, सिद्धेश्वर, कुऱ्हाड, शेंगाचटणी. यातला 'ऱ्ह' नीट आला तर पुढं जायचं.

लुआलाटेक हे लाटेकचं आणखी एक इंजिन घेतलं तर त्याला रेंडरर हार्फबझ (जोडाक्षरं नीट जुळवणारी लायब्ररी) असं वेगळं सांगावं लागतं. मला झीलाटेकच बरं वाटतं.

आता कन्नड-तेलुगूचं. लाटेकमध्ये एका फॉन्टमध्ये नसलेलं अक्षर आपोआप दुसऱ्या फॉन्टातून येत नाही, वॉर्निंग येते, मिसिंग कॅरेक्टर, आणि कागदावर चौकोन नाहीतर कोरी जागा. प्रत्येक कन्नड मजकुराला भाषेचा टॅग लावून बेबलफॉन्ट्समध्ये (भाषेनुसार फॉन्ट ठरवायच्या सेटिंगमध्ये) फॉन्ट नेमता येतो, पण अडीचशे नावांना टॅग कोण लावत बसणार. म्हणून तीन लिप्यांसाठी मी वीझीप्रिंट या दुसऱ्या इंजिनावर आलो. हे वेबपेज बनवायच्या एचटीएमएल-सीएसएसच्या रस्त्यानं जातं, त्यामुळं फॉन्ट-फॅमिलीत नोटोचे तिन्ही फॉन्ट ओळीनं लिहिले की ज्याला जे अक्षर मिळेल तिथून ते उचलतं. इंजिनाच्या नावाच्या जागी वीझीप्रिंट टाकायचं आणि सीएसएस फाइल दोन डॅश सीएसएसनं जोडायची. पानाचा आकार, समास, पान नंबर सगळं त्याच सीएसएसमधल्या ॲट-पेज या नियमात. विंडोजवर मात्र पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी वेगळी टाकावी लागते, तिथं थोडी डोकेदुखी आहे. एचटीएमएलवरून पीडीएफ करणाऱ्या जुन्या डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफच्या नादी आता नवीन माणसानं लागू नये, त्याचं काम बंद पडलेलं आहे.

टाइप्स्ट हे आणखी एक इंजिन पण आहे, पॅनडॉक ३.१.२ पासून चालतं, लाटेकच्या तुलनेत लय फास्ट आणि एवढुसं.

आणि तुमचं इंजिन पॅनडॉकच्या यादीतच नसेल तर? नाव दिलं की ते सरळ नाही म्हणतं. मग दोन पायऱ्यांत करा, पॅनडॉककडून आधी एचटीएमएल नाहीतर टेक फाइल काढा, ती आपल्या इंजिनाला द्या, त्या दोन कमांडची एक छोटी फाइल पुरते.

एक राहिलं, झीलाटेकच्या पीडीएफमधून मराठी कॉपी केली की बऱ्याचदा काना-मात्रा विस्कटलेल्या येतात. छपाईला त्याचं काही नाही, पण पुढच्या वर्षी हाच मजकूर लागणार असेल तर मार्कडाउनची फाइल जपून ठेवा.