वेल्थ मॅनेजमेंटमधील इंटर्नशिप: पहिल्या नोकरीपर्यंत कसे पोहोचावे

वेल्थ मॅनेजमेंट, म्हणजे ग्राहकांच्या पैशांचे नियोजन आणि गुंतवणूक सांभाळण्याचे काम, हा शेअर बाजाराचे अंदाज बांधण्याचा व्यवसाय आहे, अशी समजूत घेऊन बरेच विद्यार्थी इंटर्नशिपला येतात. पहिल्या आठवड्यात त्यांच्यापुढे येतात ती केवायसीची कागदपत्रे, ग्राहकांचे खातेउतारे आणि एक्सेलचे तक्ते, आणि मग अनेकांचा हिरमोड होतो. मी मुंबईत या क्षेत्रात काम करतो आणि उन्हाळ्यात दोन-तीन इंटर्न माझ्यासोबत असतात. त्यांच्यापैकी ज्यांना पुढे नोकरी मिळाली, त्यांनी खातेउतारा हा एका कुटुंबाच्या कमाईचा, भीतीचा आणि अपेक्षांचा कागद आहे हे लवकर ओळखले होते. हा लेख वाणिज्य, व्यवस्थापन किंवा अर्थशास्त्र शिकणाऱ्या आणि घरात वित्तक्षेत्राची कोणतीही ओळख नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

आधी कंपनीचे उत्पन्न समजून घ्या

अर्ज करण्यापूर्वी, समोरची कंपनी पैसे कशातून मिळवते हा एक प्रश्न स्वतःला विचारावा. म्युच्युअल फंडाच्या वितरकाला फंड कंपनीकडून, ग्राहकाची गुंतवणूक टिकून असेपर्यंत, ट्रेल कमिशन मिळते. सेबी या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेच्या २०१३च्या नियमांनुसार नोंदणी केलेला गुंतवणूक सल्लागार ग्राहकाकडून फी घेतो आणि सहसा त्याला डायरेक्ट योजना सुचवतो. या कमिशनविरहित योजना १ जानेवारी २०१३पासून उपलब्ध आहेत. पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिस, म्हणजे पीएमएस, या ग्राहकाची गुंतवणूक त्याच्या वतीने सांभाळणाऱ्या सेवेसाठी ग्राहकाला किमान ५० लाख रुपये गुंतवावे लागतात, तर पर्यायी गुंतवणूक निधीसाठी (मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे एकत्र करून गुंतवणारा निधी, एआयएफ) सर्वसाधारणपणे किमान १ कोटी रुपये. यावरून कोणत्या कंपनीत कोणत्या प्रकारचा ग्राहक येईल आणि तिथे तुम्ही काय शिकाल, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

वांद्रे-कुर्ला संकुल किंवा लोअर परळ येथील मोठ्या कंपनीचे नाव बायोडेटावर शोभून दिसते, यात शंका नाही. तरीही, पहिल्या इंटर्नशिपसाठी निवड करायचीच असेल तर मी नावापेक्षा टेबल बघायला सांगेन. मोठ्या कंपनीच्या एखाद्या कोपऱ्यात दोन महिने केवळ सादरीकरणाच्या स्लाइड सुधारत बसण्यापेक्षा ठाण्यातल्या, पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या आठ-दहा माणसांच्या कार्यालयात बसून ग्राहकाच्या बैठकीची तयारी करणे अधिक शिकवून जाते. लहान कार्यालयात नवीन खाते उघडण्यापासून नामनिर्देशनातील चूक दुरुस्त करण्यापर्यंत सगळा प्रवास डोळ्यांसमोर घडतो.

विक्रीच्या मोहिमेला इंटर्नशिप समजू नका

इथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होते. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझी पहिली इंटर्नशिप अशीच गेली. रुजू झालो त्याच दिवशी एक कोरा तक्ता हातात देण्यात आला आणि त्यात ओळखीच्या १०० जणांची नावे व फोन क्रमांक लिहायला सांगितले गेले. मामा, आत्या, शाळेतले शिक्षक, वडिलांचे बँकेतले सहकारी अशा सगळ्यांना मी फोन केले. सहा आठवड्यांत काही डीमॅट खाती आणि दोन विमा पॉलिसी झाल्या, परंतु पॉलिसी त्या माणसांच्या गरजेची होती का, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आत्याने केवळ माझ्या शब्दाखातर ती घेतली होती. दुसऱ्या वर्षीचा हप्ता भरताना तिची जी ओढाताण झाली, ती आजही माझ्या मनात सलते.

म्हणून मुलाखतीतच स्पष्ट विचारावे: माझे काम कोणत्या विभागात असेल, माझा वरिष्ठ कोण असेल, मला विक्रीचे लक्ष्य असेल का, आणि स्टायपेंड कशावर अवलंबून असेल? स्टायपेंड केवळ उघडलेल्या खात्यांच्या संख्येवर ठरत असेल, तर ते काम विक्रीचे आहे असे समजावे. विक्री करणे कमीपणाचे मुळीच नाही, मात्र तिचेही नियम आहेत. वितरकाच्या ज्या कर्मचाऱ्याला गुंतवणूकदारांना म्युच्युअल फंड विकायचा असतो, त्याला एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा उत्तीर्ण करून ॲम्फी या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेकडून ईयूआयएन हा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. तो नसताना एखादा इंटर्न ग्राहकाला फंड सुचवत असेल, तर तो स्वतःलाही अडचणीत आणतो. आणि इंटर्नशिप देण्यासाठी तुमच्याकडूनच ‘प्रशिक्षण शुल्क’ मागितले गेले, तर तिथून निघून यावे.

अर्जाआधीचे दोन महिने

तयारी घरच्या कपाटातून सुरू करता येते. आई-वडिलांची परवानगी घेऊन त्यांच्या म्युच्युअल फंडांचा एकत्रित खातेउतारा मागवावा, ज्याला या क्षेत्रात सगळे ‘कॅस’ म्हणतात. फंडांच्या खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेक या कंपन्यांच्या संकेतस्थळावर नोंदवलेला ई-मेल पत्ता दिला की तो विनामूल्य मिळतो. त्याच्या शेजारी मुदत ठेवी, विमा, भविष्य निर्वाह निधी, सोने आणि गृहकर्ज यांची एका पानावर नोंद करावी. बहुतेक मराठी मध्यमवर्गीय घरांत त्या पानावर काय दिसते, हे मी वारंवार पाहिले आहे: ठेवी चार बँकांत विखुरलेल्या, विमा पॉलिसी पाच पण एकूण संरक्षण अपुरे, आणि एक-दोन जुन्या खात्यांवर नामनिर्देशनच नाही. कधीकधी तीन-चार लार्ज कॅप फंड असतात. सेबीने २०१७मध्ये केलेल्या वर्गीकरणानुसार अशा प्रत्येक फंडाला किमान ८० टक्के रक्कम बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांत गुंतवावी लागते. त्यामुळे चार फंड घेतले तरी मालकी बहुधा त्याच त्या कंपन्यांची राहते. हे निरीक्षण तुम्ही स्वतः मांडू शकलात, तर मुलाखतीत तुमच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी खरे असेल.

त्यानंतर परताव्याचे गणित शिकावे. समजा, एका गृहिणीने पाच वर्षे दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी, म्हणजे फंडात ठरावीक हप्त्यांची गुंतवणूक, केली. एकूण ६ लाख रुपये भरले आणि आज त्यांचे मूल्य ८ लाख रुपये आहे. नवखा विद्यार्थी म्हणतो, नफा ३३ टक्के, भागिले पाच, म्हणजे वर्षाला साडेसहा टक्क्यांच्या आसपास. यापेक्षा मुदत ठेव काय वाईट होती? परंतु पहिला हप्ता पाच वर्षे गुंतलेला होता आणि शेवटचा जेमतेम महिनाभर. सरासरीने पाहिले तर पैसा अडीच वर्षेच कामाला लागलेला होता. एक्सेलमध्ये एका स्तंभात तारखा, दुसऱ्यात ऋण चिन्हासह हप्ते आणि शेवटच्या ओळीत आजचे मूल्य लिहून एक्सआयआरआर हे तारखांनुसार वार्षिक परतावा काढणारे सूत्र लावले, की उत्तर सुमारे ११.४ टक्के येते. हा फरक ग्राहकाला साध्या शब्दांत, त्याला न दुखावता सांगता येणे, हे या व्यवसायातले रोजचे काम आहे. उलट दिशेची चूकही होते: एकरकमी १० लाखांचे पाच वर्षांत १६ लाख झाले, तर ६० भागिले पाच करून १२ टक्के सांगितले जातात, पण चक्रवाढीने तो दर १० टक्क्यांहून थोडा कमी असतो.

परीक्षांपैकी एनआयएसएमची ‘मालिका पाच-अ’, म्हणजे म्युच्युअल फंड वितरकांची परीक्षा, आधी द्यावी. १०० प्रश्न, दोन तासांचा वेळ आणि उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के गुण असे तिचे स्वरूप आहे; अभ्यासपुस्तिका संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. महिनाभर रोज तासभर दिला, तर वाणिज्य शाखेबाहेरच्या विद्यार्थ्यालाही ती जमते. सेबीने स्थापन केलेल्या या संस्थेचा परिसर रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची पात्रता) किंवा सीएफपी (आर्थिक नियोजनाची पात्रता) यांचा विचार इंटर्नशिपनंतर करावा, कारण आपल्याला आकड्यांत रमायला आवडते की माणसांशी बोलायला, हे तोपर्यंत कळलेले नसते.

करांचे मूलभूत ज्ञानही हवे. २३ जुलै २०२४पासून शेअर आणि इक्विटी फंडांवरील दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला १.२५ लाख रुपयांपर्यंत कर नाही आणि त्यावरील नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. एका वर्षाच्या आत विकल्यास २० टक्के. १ एप्रिल २०२३पासून घेतलेल्या डेट फंडांच्या, म्हणजे कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या फंडांच्या, नफ्यावर ग्राहकाच्या कर-टप्प्यानुसार कर लागतो. एवढे पक्के असले तरी मार्चमध्ये कार्यालयात चाललेली धावपळ तुम्हाला समजू लागते, कारण सवलतीच्या मर्यादेपर्यंतचा नफा आर्थिक वर्ष संपण्याआधी विक्री करून नोंदवून घेण्याचे काम तेव्हाच सुरू असते.

अर्ज आणि मुलाखत

मोठ्या कंपन्या उन्हाळी इंटर्न बहुतेक करून व्यवस्थापन महाविद्यालयांच्या कॅम्पसवरून घेतात आणि निवड कित्येक महिने आधी होते. पदवीच्या विद्यार्थ्यांनी थेट लिहावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमात इंटर्नशिप किंवा ऑन-जॉब ट्रेनिंगचे श्रेयांक असतील, तर महाविद्यालयाचे पत्र सोबत जोडावे. लहान कार्यालयांना त्यामुळे निर्णय घेणे सोपे जाते. ‘मला वित्तक्षेत्राची आवड आहे’ या वाक्याऐवजी, एका काल्पनिक कुटुंबाचा एक पानी आढावा पाठवावा: वय, उत्पन्न, कर्ज, सध्याची गुंतवणूक, त्यातील दोन उणिवा आणि तुमची सूचना. असे पान जोडलेला अर्ज मी आजवर एकदाही न वाचता बाजूला ठेवलेला नाही.

मुलाखतीत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न असा: ६२ वर्षांचे निवृत्त गृहस्थ आहेत, इमारतीच्या पुनर्विकासातून त्यांना ४० लाख रुपये मिळाले आहेत, ते कुठे गुंतवाल? इथे फंडांची नावे घेणारा उमेदवार घाई करतो. आधी प्रश्न विचारावेत. नवीन घर मिळेपर्यंतचे भाडे यातूनच द्यायचे आहे का? निवृत्तिवेतन आहे का? आरोग्य विमा किती रकमेचा आहे? पत्नीच्या नावावर काय आहे? मुंबईत पुनर्विकासाची आणि समृद्धी महामार्गालगतच्या गावांत भूसंपादनाच्या मोबदल्याची रक्कम अनेक कुटुंबांच्या हातात आयुष्यात प्रथमच एकदम आली. अशा माणसांशी त्यांच्या भाषेत, धीराने बोलू शकणाऱ्या तरुणांची या क्षेत्राला खरोखर गरज आहे. मराठी चांगले असणे ही तुमची जमेची बाजू आहे. ती संकोचाने लपवू नका.

रुजू झाल्यावर

सुरुवातीला दिलेले कागदी काम अचूक करावे. पॅनवरील नाव आणि बँक खात्यातील नाव यांत एका अक्षराचा फरक राहिला, तर ग्राहकाचे पैसे अडकू शकतात. हे काम करताना प्रत्येक ग्राहकासाठी स्वतःपुरते एक वाक्य मनाशी तयार करावे: ‘यांचे दोन-तृतीयांश पैसे एकाच कंपनीच्या शेअरमध्ये आहेत’, ‘यांना तीन वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी पैसे लागतील’. मग योग्य वेळी वरिष्ठांना विचारावे की यावर आपण काय करणार आहोत. बैठकीत बसण्याची संधी मिळाली तर टिपणे काढावीत, मध्ये बोलू नये, आणि त्याच संध्याकाळी ठरलेल्या गोष्टींचा मसुदा वरिष्ठांना पाठवावा. माझ्या एका इंटर्नला नोकरी मिळण्याचे कारण हे मसुदेच होते. तिसऱ्या आठवड्यापासून तिच्या टिपणाशिवाय आमची बैठक पूर्ण झाली असे वाटेना.

गोपनीयतेबाबत कोणतीही सूट नाही. ग्राहकाचा उतारा स्वतःच्या ई-मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवू नये, त्याचे नाव मित्रांतही घेऊ नये, आणि सूचिबद्ध कंपनीविषयीची अप्रसिद्ध माहिती कानावर आली तर त्यावर व्यवहार करणे हा गुन्हा आहे हे लक्षात ठेवावे.

नोकरीचा विषय कधी काढावा

शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. दोन महिन्यांची इंटर्नशिप असेल तर सहाव्या आठवड्यात वरिष्ठांकडे पंधरा मिनिटे मागावीत आणि सरळ विचारावे: “सर, माझ्या कामात काय कमी पडते आहे, आणि पदवीनंतर इथे जागा निघाली तर माझा विचार होईल का?” उत्तर नकारार्थी असले, तरी इतर कार्यालयात शिफारस कराल का, हे विचारण्यात संकोच नसावा. पहिली जागा बहुधा रिलेशनशिप मॅनेजरच्या, म्हणजे ग्राहकांशी थेट संपर्क ठेवणाऱ्याच्या, मदतनीसाची किंवा ग्राहकसेवेची असते. स्वतःचे ग्राहक आणि त्यांच्यासोबत येणारी लक्ष्ये त्यानंतर मिळतात. या दोन महिन्यांत बैठकींपेक्षा तक्त्यांतच अधिक गोडी वाटली असेल, तर संशोधन किंवा फंड निवडीच्या विभागाकडे वळावे आणि तेव्हा सीएफएचा विचार करावा. कुटुंबांचे नियोजन करण्यात मन रमले, तर सीएफपीचा मार्ग जवळचा आहे.

निघण्याआधी तुम्ही हाताळलेल्या प्रत्येक कामाची सद्यस्थिती लिहून द्यावी: कोणाची केवायसी अपुरी आहे, कोणाचा धनादेश यायचा आहे, कोणाला कोणत्या तारखेला फोन करायचा आहे. अनुभव प्रमाणपत्रात केवळ कालावधी न लिहिता कामाचे स्वरूपही नमूद करून घ्यावे. तुमच्यानंतर त्या टेबलावर बसणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी ते टिपण उघडून कामाला लागता आले पाहिजे.