भरती-ओहोटी आणि पावसाच्या डेटात खोटी सायकल (ठराविक काळाने परत येणारं चक्र) कशी सापडते? या चुका टाळा

पाण्याच्या पातळीचा, पावसाचा, भूजलाचा डेटा घ्यायचा, एफएफटी (डेटात किती काळाच्या लाटा किती जोरात आहेत ते काढणारं गणित) चालवायचा आणि ग्राफवर एखाद्या काळाशी उंच सुळका दिसला की सायकल सापडली म्हणायचं, हे खूप जण करतात. मी स्वतः केलंय म्हणून कळकळीने लिहितोय.

कॉलेजच्या प्रोजेक्टला आम्ही खाडीच्या जेट्टीवर पट्टी लावून रोज सकाळी बरोबर ८ वाजता पाणी मोजायचो, तीन महिने. ग्राफमध्ये पावणेपंधरा दिवसांची एकदम स्वच्छ लाट आली, पुस्तकात उधाण-भांगाचं (मोठ्या आणि छोट्या भरत्यांचं) चक्र १४.७७ दिवसांचं दिलेलं, म्हटलं झालं काम. सरांनी एवढंच विचारलं, उधाणाला खाडीची सरासरी पातळी वाढते का रे? नाही वाढत! उधाणाला भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते, मधली पातळी साधारण तीच राहते. मग आमची लाट कुठून आली?

तर मुख्य चांद्र भरती १२ तास २५ मिनिटांची, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आणि तुम्ही घड्याळ धरून ८ लाच मोजताय, म्हणजे कधी भरती पकडताय कधी ओहोटी, आणि पावणेपंधरा दिवसांनी गाडी परत त्याच जागी येते. मुंबईकडे पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास असते, त्यामुळे त्या दोन्ही दिवशी सकाळी ८ ला पाणी साधारण त्याच टप्प्यावर दिसणार. कोळी लोक तिथीवरून भरतीची वेळ सांगतात ते याच हिशोबाने. अशी विरळ मोजणीमुळे जलद लाट संथ दिसते, याला एलियासिंग म्हणतात. इथे ते जास्त फसवं, कारण सौर भरती बरोबर १२ तासांची असल्याने खोट्या लाटेचा आकडा आणि खऱ्या उधाण-भांगाचा आकडा एकच येतो, म्हणून शंकाच येत नाही.

उपाय म्हणजे तासातासाला मोजा. जुना डेटा रोज एकदाचाच असेल तर आधी कागदावर काढा की १२ तास २५ मिनिटांची भरती त्यात किती दिवसांची दिसेल. भरती काढून टाकायला साधी २४ तासांची सरासरी घेतली तरी थोडी भरती उरतेच, कारण दोन भरत्यांना २४ तास ५० मिनिटं लागतात. डूडसनचा ३९ तासांचा फिल्टर (तासातासाच्या ३९ आकड्यांची वजन देऊन काढलेली सरासरी) त्यासाठीच आहे.

पावसाच्या डेटात वेगळीच गंमत होते. महाराष्ट्राच्या महिनेवार पावसाचा एफएफटी काढला की १२ महिन्यांबरोबर ६ महिन्यांचा सुळका पण येतो आणि लोक दुसरा पावसाळा शोधायला लागतात. पाऊस चार महिने कोसळतो आणि बाकी वर्ष कोरडं, हा आकार साध्या साइन लाटेत बसत नाही, म्हणून ६ आणि ४ महिन्यांचे तुकडे लागतात. ते वार्षिक चक्राचेच हार्मोनिक्स, म्हणजे त्याच्या निम्म्या, तिसऱ्या हिश्श्याच्या काळाच्या लाटा.

मूव्हिंग अॅव्हरेज (शेजारच्या आकड्यांची सरकती सरासरी) लावून मग सायकल शोधू नका. निव्वळ रँडम आकड्यांवरही सरासरी फिरवली की लाटा दिसतात, संख्याशास्त्रज्ञ स्लुत्स्कीने हे १९२७ मध्येच दाखवलंय. भूजल पातळीला तर स्वतःचीच मेमरी असते, आजची पातळी कालच्यासारखीच, त्यामुळे लांब पिरियडचे सुळके आपोआप उंच येतात. तुलना सपाट नॉइजशी (जिथे प्रत्येक आकडा स्वतंत्र) नको, रेड नॉइजशी (जिथे आजचा आकडा कालच्यावर अवलंबून) करा.

अजून एक, १५ वर्षांच्या डेटात १८.६ वर्षांचं चांद्र चक्र सापडलं असं कृपया लिहू नका, तिथे एक फेरी पण पूर्ण झालेली नाही. शून्यं जोडून डेटा लांबवला तर ग्राफ गुळगुळीत होतो, माहिती वाढत नाही. लॉगर (पातळी आपोआप नोंदवणारं यंत्र) दर पावसाळ्यात बंद पडत असेल तर त्या गॅप्सनाच वर्षाची लय असते, तिथे सरळ रेघ मारून भरण्यापेक्षा लोम्ब-स्कार्गल (गॅप असलेल्या डेटातच लाटा शोधायची पद्धत) वापरा.

आणि सगळ्यात आधी टाइम कॉलम बघा. अर्धी फाइल यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), अर्धी भारतीय वेळेत असली तर मधेच साडेपाच तासांची उडी बसते, भरती जवळपास उलटी होते आणि खरा सुळकाच फाटून दोन दिसतात.