हार्ट अटॅकनंतरचे सहा आठवडे: हृदयातला दाह कसा सांभाळायचा

अटॅकमध्ये मेलेला स्नायू रक्तातल्या पांढऱ्या पेशी साफ करतात. पहिले तीन-चार दिवस या दाहाचा (इन्फ्लमेशनचा) जोर असतो. मग इंटरल्युकिन-१०, टीजीएफ-बीटा ही प्रथिने तो आवरतात आणि त्या जागी कोलॅजनचा व्रण धरू लागतो. तो घट्ट व्हायला सहा-आठ आठवडे जातात. दाह अवेळी दडपला तर व्रण कच्चा राहतो, रेंगाळला तर शाबूत स्नायूही खचतो आणि हृदय ताणून मोठे होते.

म्हणून मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक आणणे पूर्ण बंद. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक दाह दडपतात, शिवाय त्यांनी अंगात पाणी साठते आणि दुसऱ्या अटॅकचा धोका वाढतो. आयबुप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनलाच निकामी करू शकते. स्ट्रिपची मागची बाजू वाचा. पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅच्या जोडीला असिक्लोफिनॅक १०० मिग्रॅ लिहिले असेल, तर ती घेऊ नका. गुडघा किंवा दाढ दुखली तर डॉक्टरांना विचारून नुसती पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ घ्या. छातीत दुखले तर मात्र कोणतीही गोळी घेऊन वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

दाह आवरणारी प्रथिने डब्यात विकत मिळत नाहीत. प्रोटीन पावडर पोटात पचून तिची अमिनो आम्ले होतात, त्यातून इंटरल्युकिन-१० हृदयापर्यंत पोचत नाही. हळद भाजीत खुशाल घाला. कॅप्सूल नको, कारण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्राव वाढू शकतो.

रक्तातून दाह दाखवणाऱ्या हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपीच्या तपासणीची घाई करू नका. अटॅकनंतर तो चढतोच. सहा आठवड्यांनी, सर्दी-ताप नसताना तपासा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. दोन्ही वेळा लिटरला २ मिग्रॅच्या वर आला तर रिपोर्ट हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. स्टॅटिनने कोलेस्टेरॉलबरोबर हा दाहही उतरतो, त्यामुळे 'आता बरे वाटते' म्हणून ती सोडू नका.

कोल्चिसिन या दाह कमी करणाऱ्या गोळीबद्दल हमखास विचारले जाते. २०१९ च्या कोलकॉट चाचणीत ४,७४५ रुग्णांमध्ये रोज ०.५ मिग्रॅने फायदा दिसला. २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांच्या क्लिअर चाचणीत दिसला नाही. त्यामुळे ती सरसकट घ्यायची गोळी नव्हे. डॉक्टरांनी दिलीच, तर आधी क्रिएटिनिन तपासून घ्या, कारण किडनी कमजोर असली की औषध अंगात साठते. खोकल्या-घशासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिले तर कोल्चिसिन चालू असल्याचे तिथेच सांगा. ही जोडी जिवावर बेतू शकते. जुलाब लागले तर कळवा.

फ्लूची लस डिस्चार्जच्या आधीच मागा. २०२१ च्या आयएएमआय चाचणीत अटॅकनंतर लगेच लस दिलेल्यांमध्ये मृत्यू कमी झाले.