संशोधनपत्रिका की मासिक? संदर्भ देताना या चुका टाळा

महाविद्यालयीन प्रकल्पांच्या संदर्भसूची तपासताना संशोधनपत्रिका (जर्नल, म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेले शोधनिबंध छापणारे नियतकालिक) आणि सर्वसाधारण मासिक यांतली गल्लत हमखास आढळते. गोव्यातील खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतील शेतीवर, लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने मध्यंतरी एका मासिकातला सुरेख, सचित्र लेख शोधनिबंध म्हणून नोंदवला होता. कारण विचारले, तेव्हा तिने मुखपृष्ठावरचा आठ अंकी आयएसएसएन दाखवला. हा क्रमांक नियतकालिकाची केवळ ओळख पटवतो; तो पाककृतींच्या मासिकालाही मिळतो आणि त्यावरून मजकुराचा दर्जा ठरत नाही.

नावावर विसंबणे ही दुसरी चूक. १८८९ मध्ये सुरू झालेले 'द वॉल स्ट्रीट जर्नल' हे वृत्तपत्र आहे. उलट 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' हे मुंबईचे साप्ताहिक असूनही त्यातील विशेष लेख तज्ज्ञांच्या परीक्षणातून जातात.

खरी पारख अंक उघडल्यावरच होते. शीर्षकाखाली लेखकाची संस्था, मग सारांश, आणि पुष्कळदा बारीक टायपात लेख मिळाल्याची, सुधारल्याची व स्वीकारल्याची तारीख असते. या तारखांमधले कित्येक महिने परीक्षकांच्या शंकांचे निरसन करण्यात गेलेले असतात. पृष्ठांकनही पाहावे: अनेक संशोधनपत्रिकांत ते खंडभर, म्हणजे बहुधा वर्षभराच्या अंकांत, सलग चालते, त्यामुळे दुसरा अंक पृष्ठ १३१ पासून सुरू झाला तर तो छपाईचा दोष समजू नये. मराठी त्रैमासिकांत अशा तारखा क्वचितच छापतात, तेव्हा संपादक मंडळ आणि लेखकांसाठीच्या सूचना वाचाव्यात. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात छापील अंक हाताळून पाहिल्यास हे फरक चटकन लक्षात येतात.

संशोधनपत्रिकेतील प्रत्येक पान परीक्षित असते, असेही नाही. १९३२ पासून निघणाऱ्या 'करंट सायन्स'मध्ये शोधनिबंधांबरोबर संपादकीय आणि ग्रंथपरीक्षणेही असतात. त्यांचा हवाला शोधनिबंध म्हणून देऊ नये. पैसे भरल्यास चार दिवसांत लेख छापू म्हणणाऱ्यांविषयी अधिक काय सांगावे! विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य संशोधनपत्रिकांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद झाली, तरी तिचा दाखला अजून पुढे केला जातो.

त्या विद्यार्थिनीला तो लेख काढून टाकायला मी सांगितले नाही. मानशीच्या, म्हणजे खाजनाच्या बांधातील पाणी अडवणाऱ्या झडपेच्या, दारांची त्यातली छायाचित्रे उत्तम होती. भरती-ओहोटीबरोबर ती दारे कशी उघडझाप करतात, एवढ्यापुरता तिने तो मासिकातील लेख म्हणून नोंदवला आणि मातीच्या क्षारतेचे आकडे मात्र शोधनिबंधातून घेतले.