वजिराच्या लागोपाठ शहांची कोडी: या चुका टाळा

शह दिसला की दिला, हा नवशिक्यांचा सगळ्यात जुना रोग. राजा पुढे, वजीर मागे, आणि पाचसहा चालींनंतर राजा आपल्याच प्याद्यांच्या आडोशाला सुखरूप.

दमियानो बचाव ही काळ्याची सुरुवात बघा; आपण पांढरे. ई४ ई५, घोडा एफ३, एफ६. (पेद्रो दमियानो या पोर्तुगीज बुद्धिबळ लेखकानं १५१२ मध्ये ही चाल वाईटच ठरवली होती, तरी नाव त्याचंच चिकटलं.) घोडा ई५चं प्यादं खातो, एफ६चं प्यादं घोडा खातं, मग वजीर एच५ शह. जी६नं अडवलं तर वजीर ई५चं प्यादं खाऊन शह देतो आणि एच८चा हत्ती जातो. म्हणून राजा ई७. पुढे वजीर ई५ खाऊन शह, राजा एफ७. उंट सी४ शह, डी५. उंट डी५ खाऊन शह, राजा जी६.

चार शह झाले, हात शिवशिवतोय, आणि पोरं वजीर एफ५ला ठेवतात. डी७चं प्यादं हललं तेव्हाच सी८च्या उंटाची वाट मोकळी झाली होती. वजीर गेला! इथे शह नकोच, एच४ हवं. एच५ची धमकी आहे. काळ्यानं एच५ खेळून ती थांबवली की आपला उंट बी७चं प्यादं खातो. सी८च्या उंटानं तो खाल्ला तर एफ५वरचा पहारा उठला. आता वजीर एफ५ शह, राजा एच६, डी४ सरकवून सी१च्या उंटाचा शह, आणि मात फार लांब नाही. तोच एफ५, फक्त दोन चाली उशिरा.

प्रत्येक शहापूर्वी राजाची सुटकेची घरं आधी मोजा, मग मध्ये काय घालता येतं, मग वजीर कोण खातं. संगणकाचं बुद्धिबळ इंजिन लावून त्यानं सुचवलेल्या चालींचे बाण बघणाऱ्यांना हे कधीच येत नाही.

काळ्यानं मध्ये घातलेला मोहरा उलटा आपल्यालाच शह देत नाही ना, तेही बघा. आणि जिंकत असताना तीनदा तीच स्थिती आणू नका, बरोबरी होते.

दुसरी लाडकी चूक: वजीर विरुद्ध सातव्या आडव्या ओळीत पोचलेलं, म्हणजे बढतीला एकच घर उरलेलं प्यादं. समजा पांढरा राजा एच८, वजीर ई७. काळा राजा एफ२, प्यादं डी२. चाल पांढऱ्याची. नुसते शह देत बसलात तर रात्र होईल. वजीर जिन्यासारखा खाली उतरवायचा: डी६, राजा ई२, ई५ शह, राजा एफ२, डी४ शह, राजा ई२, ई४ शह, राजा एफ२, डी३, राजा ई१, ई३ शह. आता प्यादं वाचवायला राजाला डी१लाच जावं लागतं, म्हणजे स्वतःच्याच प्याद्यापुढे. ही एक चाल फुकट मिळाली: आपला राजा जी७. मग पुन्हा जिना, पुन्हा राजाचं एक पाऊल.

प्यादं बी, डी, ई किंवा जी या उभ्या पट्टीवर असेल तरच हे बिनघोर चालतं. सी२ला प्यादं असेल तर काळा राजा ए१ला जाऊन बसतो. वजिरानं प्यादं खाल्लं की स्टेलमेट: शह नाही, पण काळ्याला चालही नाही, म्हणजे बरोबरी. ए, एफ आणि एच पट्ट्यांवरही असाच घोळ. तिथे आपला राजा आधीच जवळ नसेल तर सहसा बरोबरीच.