शनिवार-रविवारचे माहितीपट: कोणता, कधी आणि कसा

शनिवारी रात्री 'ऑल दॅट ब्रीद्स' (2022) लावा. दिल्लीत जखमी घारींवर उपचार करणाऱ्या दोन भावांची ही गोष्ट, जेमतेम दीड तासाची. सुरुवातीलाच मोकळ्या मैदानात रात्री वळवळणारे उंदीर दिसतात आणि कॅमेरा त्यांच्यावरून अगदी सावकाश सरकतो. चित्रपटाची सगळी चाल अशीच संथ आहे. त्यामुळे रविवारी दुपारी तांबडा-पांढरा रस्सा ओरपून हा बघायला बसू नका, डुलकी ठरलेलीच! जेवणानंतर 'द एलिफंट व्हिस्परर्स' बरा. चाळीसेक मिनिटांचा आहे, घरातली पोरंही बघतील.

आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (2011) मात्र सवडीनं बघायचा. 1997 मध्ये मुंबईतल्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांनी केलेला गोळीबार, त्यानंतर शाहीर विलास घोगरेंची आत्महत्या आणि तिथून पुढे शाहिरांची परंपरा, असा चौदा वर्षांच्या चित्रीकरणाचा पसारा आहे. लांबी तीन तासांच्या आसपास, म्हणून दोन बैठकी करा. यातली गाणी हाच पुरावा आहे, ती पुढं ढकलू नका.

मित्रमंडळी जमवून प्रोजेक्टरवर दाखवणार असाल, तर आधी पाच मिनिटं चालवून बघा. मोबाईलची स्क्रीन प्रोजेक्टरवर टाकली की बऱ्याचदा आवाज येतो, पण चित्र काळंच राहतं. ते कॉपी-संरक्षणामुळं होतं, केबल बदलून उपयोग नाही. प्रोजेक्टरमधलंच ॲप वापरा, नाहीतर टीव्हीतलं. सबटायटल मोठी आणि पिवळी ठेवा, चादरीवर पांढरी अक्षरं विरतात. लॅपटॉपचा स्पीकर दहा माणसांना पुरत नाही, वेगळा जोडाच.